जोंगबेच्या नावाचा कंदील

मासान
१२ एप्रिल १९७७

सनोक,

आईनं ठरवलंय. आता तुझी-माझी काय बिशाद! यंदा बुद्धजन्माच्या दिवशी तिला तुमच्या सोंगुनसाच्या देवळात कंदील लावायचाय. म्हटलं, अगं, इथं मासानात देवळं काय कमी आहेत? तर म्हणते, "इथले बुद्ध मला ओळखून आहेत, माझं काही मनावर घेत नाहीत. डोंगरावरचे ऐकतात." शिवाय तुझं सासर त्याच डोंगराच्या पायथ्याशी. लेक भेटेल, विहीणबाई भेटतील, कंदीलही लागेल. सगळं एका फेरीत.

कंदील कोणासाठी, तर माझ्यासाठी. तिशी उलटली तरी बायको मिळत नाही ना मला. मागच्या महिन्यात एका मुलीचा बाप आला होता. बसला, छान गप्पा मारल्या, मग धंदा विचारला. मी म्हटलं, मयताला अंघोळ घालतो, तागाचे कपडे चढवतो, पेटीत निजवतो. त्यानं हातातला पेला असा खाली ठेवला की जणू मी त्यातच बोट बुडवलं होतं. आई म्हणते, लाल कंदिलावर तुझं नाव लिहून लावते, मग बघ मुलींच्या बापांची कशी रांग लागते.

बेत असा आहे. पहाटेच्या गाडीनं देगू, तिथून बसनं तुमचं गाव. पुढं चढण. आईचे गुडघे पार गेलेत, पण मी तिला पाठीवर घेईन. मी रोज माणसं उचलतो, आणि ती मेली जराही मदत करत नाहीत. आई निदान गळ्याला धरून तरी बसेल. वर देवळात डोंगरातल्या भाज्यांचा भात मिळतो म्हणे, तो खाऊ आणि संध्याकाळच्या बसनं परत. तुमच्या घरी रात्रीचा त्रास देणार नाही.

तुझ्या लग्नाला मी आलो नव्हतो. त्याच आठवड्यात दोन मयतं झाली होती, तसल्या हातांनी मंगलकार्यात कसा येणार? म्हणून तुझ्या घरच्यांनी मला अजून पाहिलेलंच नाही. आता पाहतील. नवा सदरा शिवायला टाकलाय. बस कुठं थांबते, चढण कुठून सुरू होते ते नीट कळव.

दादा


उनगोक
१७ एप्रिल

ती. मावशी,

दादाचं पत्र आलं. बुद्धजन्माच्या दिवशी तो आईला घेऊन इथं येतोय. मावशी, आता मी काय करू?

हे लग्न तू जमवलंस. तुझ्या घरी बसून सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलीला भाऊ नाही का?" आणि तू उसासा टाकून म्हणालीस, "होता हो. आता काय बोलायचं." मी शेजारीच बसले होते. मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं, पोरीला दुःख अनावर झालंय. मला फक्त एवढंच वाटत होतं की त्यांनी धंदा विचारू नये. औषधी मुळ्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं दुकान त्यांचं, दारावर पूर्वजांच्या पाट्या. मयतवाल्याची बहीण त्यांनी उंबऱ्यातही उभी केली नसती.

ते एक निभावलं. लग्नात मेलेल्याचं नाव कोणी काढत नाही, म्हणून आईलाही कोणी काही विचारलं नाही. पण गेल्या आठवड्यात सासूबाई देवळात निघाल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तुझ्या भावाचं नाव काय गं? तू आमच्या घरात आलीस, आता तोही आमचाच." मावशी, मी नाव सांगितलं. खरं नाव. दुसरं सुचलंच नाही. बान जोंगबे. त्यांनी डोळे पुसले आणि निघाल्या. संध्याकाळी येऊन सांगितलं, मृतात्म्यांच्या दालनात त्याच्यासाठी वर्षभराचा पांढरा कंदील लावला.

जिवंत माणसाच्या नावानं पांढरा कंदील! रंगीत जित्यांचे, पांढरे मेलेल्यांचे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आई येतेय ती त्याच देवळात, त्याच्याच नावाचा लाल कंदील लावायला. आईनं ते पाहिलं तर जागच्या जागी बसेल. दादानं पाहिलं तर... मला पुढं लिहवत नाही. लगेच उत्तर पाठव.

सनोक


देगू, पश्चिम बाजार
२१ एप्रिल

अगं बये,

सुक्या मासळीच्या ढिगात बसून लिहितेय, कागदाला वास येईल तर नाक धरून वाच. एवढा आकांत करायला काय झालं? कोणाचा जीव गेलाय का? उलट ज्याचा गेला म्हणतेस तोच पाठीवर आईला घेऊन डोंगर चढतोय.

नीट ऐक. तुझ्या आईला अक्षरओळख नाही. तिला लाल-पांढरं कळेल, पण पांढऱ्यावर कोणाचं नाव ते कळणार नाही. वाचतो तो जोंगबे. म्हणून जोंगबेला वर येऊ द्यायचं नाही, एवढीच गोष्ट. आणि तुला दिवस गेलेत ना? मग तुझ्या हातात हुकमाचं पान आहे. लिही, घरात मूल येणार, सासरचे सोवळं कडक पाळतात, मयताला हात लावलेल्याची सावलीसुद्धा चालत नाही. बिचारा स्वतःच मागं सरेल. लहानपणापासून तसाच आहे तो. आईला निरोप धाड की डोंगरावर त्याचं नाव तोंडातून काढू नको, मुलाला बाधेल.

आणि तू तोंड सांभाळ. माझीही अब्रू आहे बाजारात. मी खोटं बोलले नव्हते, मी नुसता उसासा टाकला होता.

मावशी


उनगोक
२४ एप्रिल

प्रिय दादा,

तुझ्या पत्रानं फार आनंद झाला. आई येणार म्हणून सगळे वाट पाहताहेत.

एक गोष्ट कळवायची होती. मला तिसरा महिना लागलाय. सासरी ह्या बाबतीत फार पाळतात. मला स्मशानाच्या रस्त्यानं जाऊ देत नाहीत, शेजारी मयत झालं तर खिडक्या लावून घेतात. तुझं काम असं... दादा, मला तसं काही वाटत नाही, पण घरच्यांचं मन मोडवत नाही. तू ह्या वेळी आला नाहीस तर बरं होईल. आईला बसपर्यंत कोणी सोबत मिळाली तर पुढं आम्ही नेऊ. हे तिला पाठीवर घेतील.

आईला सांग, वर असताना तुझं नाव काढू नको. पोटातल्या पोराला बाधतं म्हणतात.

बस तांदळाच्या गिरणीपाशी थांबते.

तुझी,
सनोक


मासान
२९ एप्रिल

सनोक गं सनोक!

मी मामा होणार! पत्र वाचलं आणि दुकानात ओरडलोच. आत एक म्हातारे पडले होते, त्यांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

अगं, एवढं घाबरत घाबरत काय लिहितेस? बरोबरच आहे तुझ्या सासूचं. मलाच आधी कळायला हवं होतं. गेली दहा वर्षं मी शेजारच्या बारशालाही जात नाही, दारातूनच भेटवस्तू आत सरकवतो. तुझ्या पोरावर माझी सावली कशाला? पण आईला एकटी कशी सोडू? वाटेत गाडी बदलायची, शौचाला न्यायचं. म्हणून मी गिरणीपर्यंत येतो. तिथून तुझा नवरा तिला घेऊन जाईल, आणि मी लांब कुठं चहाच्या टपरीवर बसेन. तुम्ही खाली उतरलात की आईला घेऊन निघेन. तुमच्यापैकी कोणाच्या जवळ येणार नाही. तुला लांबून बघेन, तेवढं चालेल ना? न चालायला काय झालं!

आईनं तर आत्तापासून माझं नाव घेणं सोडलंय. "अरे, तो" म्हणते. सदरा तयार झालाय. टपरीवर कोण बघणार, पण घालतो.

मामा


उनगोक
२७ मे

ती. मावशी,

तू निरोपात विचारलंस, "निभावलं का?" निभावलं. कसं, ते ऐक.

आई गिरणीपाशी उतरली तेव्हा दादा आधीच रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता. नवा पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी. ह्यांना मी म्हटलं, शेजाऱ्यानं आणून सोडलं. आईनं ते ऐकलं. तिला वाटलं, सोवळ्यासाठीच बोलतेय. ह्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि पहिल्याच वळणावर धापा टाकायला लागले. मग बस, उठ, बस, उठ. आई दर वेळी म्हणायची, "जावईबापू, राहू द्या हो, मी रांगत येईन." मागं वळून रस्त्याकडे बघायची. मला कळत होतं, तिला कोणाची पाठ आठवतेय.

वर गर्दी म्हणजे गर्दी. सभामंडपासमोर रंगीत कंदिलांचं छत. आईनं कंबरेच्या पुरचुंडीतून पैसे काढून लाल कंदील घेतला. नावाची चिठ्ठी आणि लेखणी माझ्या हातात दिली आणि कानाशी लागून म्हणाली, "तोंडानं घेत नाही हो, पण तू लिही. त्याचं पुरं नाव लिही." मावशी, सासूबाई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. त्यांना वाचता येतं. मी दादाचं नाव लिहिलं नाही. ह्यांचं लिहिलं. आईनं ती चिठ्ठी कपाळाला लावली आणि स्वतःच्या हातानं कंदिलाला बांधली. मग किती तरी वेळ वाकून नमस्कार करत होती, त्या गुडघ्यांनी. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझी आई जावयावर केवढा जीव टाकते गं!"

इथंच खाली उतरायचं होतं. मी म्हटलंही, आईला दम लागलाय, चला. तर सासूबाईंनी आईचा हात धरला. म्हणाल्या, "विहीणबाई, एवढ्या लांब आलात, एक गोष्ट तुम्हांला दाखवायची राहिली." मी पुढं झाले, काहीतरी पुटपुटले, चक्कर येतेय म्हणाले. ह्यांनी मला धरून पायरीवर बसवलं. आणि त्या दोघी मृतात्म्यांच्या दालनात गेल्या. मी उठून धावले तोवर त्या कंदिलाखाली उभ्या होत्या.

सासूबाई म्हणत होत्या, "हा तुमच्या मुलाचा. लेकराला तिकडं अंधार नको, म्हणून मी लावलाय."

आई म्हणाली, "कोणत्या मुलाचा?"

"तुमच्या जोंगबेचा. सनोकनं नाव सांगितलं ना."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. ती ओरडेल, मला थोबाडीत मारेल, असं वाटलं. मारायला हवं होतं. तिनं फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं. मग सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "फार उपकार झाले, विहीणबाई." आणि त्या कंदिलाला वाकून नमस्कार केला. तीनदा. दर वेळी सासूबाई तिला दंडाला धरून उठवत होत्या. दोघी रडल्या. सासूबाई म्हणाल्या, "रडा, मन हलकं होईल."

जिवंत मुलाचा पांढरा कंदील पाहिला तर त्याचं आयुष्य तुटतं, असं आईच आम्हांला लहानपणी सांगायची. आणि तिनं त्याला नमस्कार केला. माझ्यासाठी.

भात तिनं खाल्ला नाही. निघण्याआधी हे पाणी आणायला गेले तेवढ्यात मला म्हणाली, "तुझ्या पोटात पोर आहे म्हणून मी बोलले नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "तो सकाळपासून बसलाय. त्याच्यासाठी भात बांधून दे." मी पानात भात बांधला. बांधताना निम्मा सांडला.

गिरणीपाशी दादा पलीकडे उभा होता. त्यानं मला पाहून टोपी काढून हलवली. हसत होता. माझ्या मागं सासूबाई होत्या, मी हात वर केला नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. त्याला वाटलं असेल, सोवळं. त्यानं घाईघाईनं टोपी घातली आणि तोंड फिरवून उभा राहिला. सासूबाईंनी विचारलं, "कोण गं तो?" मी म्हटलं, "कोण जाणे."

मावशी, मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

सनोक


देगू, पश्चिम बाजार
३१ मे

सनोक,

झालं ते झालं. आई शहाणी निघाली, तू आता रडगाणं लावून तिच्या शहाणपणावर पाणी ओतू नकोस. वर्षानं कंदील आपोआप उतरतो. पोटात पोर आहे, नीट खात जा. हे पत्र जाळ.

मावशी


मासान
६ जून

सनोक,

तब्येत कशी आहे? मळमळ कमी झाली का? त्या दिवशी लांबून तू जरा ओढलेली दिसलीस. मी टोपी हलवली ते चुकलंच, सवयीनं हात वर गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत ना?

आता आईचं ऐक. मला वाटतंय, डोंगरावर तिला काहीतरी झालंय. तुम्ही सगळे घराकडे वळल्यावर गिरणीपाशी मी तिला पाठीवर घ्यायला वाकलो, तर आधी माझा चेहरा चाचपडला, मग कान, मग मान. म्हटलं, "आई, बैल विकत घेतेस काय?" तर बसमध्ये सगळ्यांदेखत रडायला लागली. धुपाचा धूर डोळ्यांत गेला म्हणते. धूर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो का?

घरी आल्यापासून तर कहरच. रोज सकाळी मला समुद्रशेवाळाचं सूप! म्हटलं, आज वाढदिवस कोणाचा? म्हणते, "तुझाच. रोज तुझाच." मी कामावर निघालो की दारात आडवी. परवा बंदरावरून बोलावणं आलं, बुडालेला मुलगा होता, त्याच्या घरच्यांना माझ्याशिवाय कोण होतं? मी गेलो. परत आलो तर आई अंगणात तशीच उभी, वाढलेलं जेवण तिच्या पायाशी थंड. रात्री मी झोपलो असं समजून माझ्या नाकापाशी बोट धरून बघते. मी जागाच असतो.

काय झालं गं तिथं? कंदील नीट लागला ना? तिला विचारलं की म्हणते, "सनोकला विचार."

दादा


उनगोक
११ जून

दादा,

हे पत्र आईसमोर फोडू नकोस.

मी तुला मारलंय. ह्या घरात तू नाहीस. लग्न ठरताना मावशी म्हणाली, भाऊ होता, आणि मी गप्प बसले. तुझ्या धंद्याची लाज वाटली म्हणून. सोवळं वगैरे सगळं मी रचलं. सासूबाईंनी असलं काही कधीच पाळलं नाही, गेल्या महिन्यात त्या स्वतः मला घेऊन शेजारच्या मयताला गेल्या होत्या.

त्यांनी तुझ्या नावानं पांढरा कंदील लावलाय. अगदी प्रेमानं. आईनं तो पाहिला आणि मला वाचवायला त्याला नमस्कार केला. आणि तिनं लावलेल्या लाल कंदिलावर तुझं नाव नाही. तिनं सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. मी माझ्या नवऱ्याचं लिहिलं. तुझ्या आयुष्यासाठी लावलेला कंदील मी चोरला, दादा.

घरी अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. काल सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भावाची आठवण आली का?" आणि मी हो म्हटलं. ह्याहून नीच काय असतं ते मला माहीत नाही.

माफ कर म्हणायलाही लाज वाटते. आईला काय सांगायचं ते तूच ठरव. मला कळत नाही.

सनोक


मासान
१६ जून

सनोक,

रागावलो नाही असं लिहिणार नाही. पत्र वाचल्यावर दुकानातली एक रिकामी पेटी लाथेनं फोडली. चांगल्या लाकडाची होती. बाकी लोकांचं मला काही वाटत नाही, पेला खाली ठेवणारे पुष्कळ पाहिलेत. पण तुला मी खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय. गिरणीपाशी माझ्याबद्दल कोणी विचारलं असेल तर तू "कोण जाणे" म्हणाली असशीलच, लिहिलं नाहीस तरी मला कळलं. त्या वेळी मी तुला नजर लागू नये म्हणून तोंड फिरवून उभा होतो.

ते असू दे.

पोस्टमनला आईनं पाहिलं होतं. समोर येऊन बसली. म्हणाली, "सनोकचं ना? वाच." माझ्या हातात तुझं पत्र. नाकापाशी बोट धरून बसणारी ही बाई, तीन आठवडे पोटभर जेवली नाही, वाळून काटकी झालीय. मी वाचायला लागलो.

मी वाचलं, की तू सासूच्या पाया पडून सगळं खरं सांगितलंस. त्या फार रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतः तुझ्याबरोबर डोंगर चढून वर गेल्या. पांढरा कंदील तू तुझ्या हातानं उतरवलास आणि भिक्षूंच्या समोर जाळलास. लाल कंदिलावरची चिठ्ठी काढून तिथं माझं नाव लिहिलंस, पुरं नाव, बान जोंगबे. मी हे सगळं वाचलं, मध्ये एकदा पान उलटलं, एका ठिकाणी तुझं अक्षर लागत नाही असंही म्हटलं.

आईनं परत वाचायला लावलं. परत वाचलं. मग ती उठली आणि दोन वाट्या भात जेवली. पातेल्याला लागलेला खरवडून खाल्ला. रात्री घोरली. आज मी कामावर निघालो तर नुसतं म्हणाली, "लवकर ये."

सनोक, मी आजवर आईशी खोटं बोललेलो नाही. मेलेल्यांच्या घरी माणसं काय काय खोटं बोलतात ते मी रोज ऐकतो, म्हणून आपण बोलायचं नाही असं ठरवलं होतं. काल बोललो, आणि तिनं विश्वास ठेवला.

आता ते खरं कर. मी वाचलं तसंच, त्याच क्रमानं. सासू घराबाहेर काढेल, नवरा तोंड बघणार नाही, काय होईल ते होवो. इथं तुझं घर आहे, मयतवाल्याचं असलं तरी.

आई म्हणत होती, उत्तर लिही. मी म्हटलं, उत्तराची गरज नाही, शेवटच्या ओळीत सनोकनं लिहिलंय, "मी येतेय."

जोंगबे